पॉइंट काढण्याआधी शाफ्ट हलवून बघा

वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे उघडझाप करणारे संपर्क, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं की नाही? दादरच्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण बाकीच्यांच्या निम्म्या शंका त्यातच सुटतील.

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९८४ ची पद्मिनी आमच्याकडे आहे. सकाळी एका सेल्फला चालू होते. पण सायन सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की मिसिंग मारायला लागते आणि कधी कधी बंदच पडते. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू. वर्षभरात पॉइंट बदलले, कंडेन्सर तर तीनदा बदलला. मेकॅनिक म्हणतो, इलेक्ट्रॉनिक किट टाका, कटकट कायमची जाईल. आईला मात्र बाबांच्या गाडीत काहीही बदललेलं नको आहे. गणपतीला देवरुखला गाडीनेच जायचं आहे. काय करू? (एक वाचक, दादर)

उत्तर : तुमच्या मेकॅनिकचा सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, या लक्षणामागे बहुतेक वेळा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा), कॉइल (बारा व्होल्टपासून प्लगच्या ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज बनवणारी) किंवा पेट्रोल असतं. किटमुळे फक्त कंडेन्सरचा प्रश्न मिटतो. दोष बाकीच्या दोघांत असेल तर किटचे पैसे जातील आणि गाडी पुन्हा सायनलाच उभी राहील.

म्हणून पुढच्या वेळी बंद पडली की ती थंड व्हायची वाट बघू नका. गरम असतानाच तपासा. आधी आजूबाजूला पेट्रोल गळत नाही ना ते पाहा. मग डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या आणि आत पॉइंट असलेल्या भागाची) कॅप उतरवा, कॉइलची मधली वायर कॅपमधून ओढून घ्या आणि तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा. ही वायर हाताने धरायची नाही, रबरी मुठीच्या पकडीनेच धरायची. इग्निशन चालू करा आणि मिटलेले पॉइंट प्लास्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच उघडा. वायरच्या टोकातून निळी, टक् आवाज करणारी ठिणगी उडाली तर करंट व्यवस्थित आहे. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल आणि पॉइंटच्या मध्येच लखलखाट होत असेल, तर कंडेन्सर गेला. पॉइंटवर नेहमीची बारीक ठिणगी आहे, पण वायरच्या टोकाला काहीच नाही, तर संशय कॉइलवर घ्या. आणि कुठेच काही नाही, तर कॉइलपर्यंत १२ व्होल्ट येतात का ते पाहा, आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर तपासा. ही वायर पॉइंटखालच्या बेसप्लेटबरोबर सतत हलते. वरचं आवरण शाबूत आणि आतला तांब्याचा दोरा तुटलेला, असं कितीतरी वेळा निघतं.

करंट चांगला निघाला तर पेट्रोल पंपाला हात लावून बघा. चटका बसण्याइतका तापला असेल तर ओला फडका टाका. उन्हाळ्यात टॅक्सीवाले हेच करायचे, कारण उभ्या ट्रॅफिकमध्ये रेडिएटरची सगळी गरम हवा बॉनेटखाली कोंडते आणि पेट्रोलची पंपातच वाफ होते. फडक्याने गाडी चालू झाली तर इग्निशनला हातसुद्धा लावू नका. पंप आणि पाइपच्या मागे लागा.

आता समजा दोष कंडेन्सरचाच निघाला, आणि तीनदा बदलला म्हणता तेव्हा तो असण्याची शक्यता मी मोठी धरतो. तरीही किट घेण्याआधी एक तपासणी कराच. मी लालबागला टॅक्सीच्या गॅरेजमध्ये शिकलो. तिथे डिस्ट्रिब्युटर हातात आला की आमचे उस्ताद कॅप काढून रोटर (शाफ्टच्या टोकावरचा फिरता भाग) चिमटीत धरायचे आणि आडवा ढकलायचे, एकदा इंजिनकडे, एकदा फेंडरकडे. कानाने ऐकायचे. बारीकसा 'टिक्' आला की म्हणायचे, बुश गेला, पॉइंटला हात लावू नको. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. त्यात पूर्ण तथ्य आहे. पद्मिनीच्या पॉइंटची फट साधारण ०.४५ मिलिमीटर. शाफ्ट बुशमध्ये ०.१ मिलिमीटर जरी डुलत असला तरी फट जवळजवळ पाव हिश्श्याने कमीजास्त होते. म्हणजे चार सिलिंडरपैकी कुणाला ठिणगी लवकर, कुणाला उशिरा. वर डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इथला एक अंशाचा फरक क्रँकवर दोन अंशांचा होतो. अशा शाफ्टवर तुम्ही कितीही फीलर गेज फिरवा, सेटिंग टिकणार नाही, आणि दोष नव्या पॉइंटवर येतो.

इलेक्ट्रॉनिक किट हा डुलणारा शाफ्ट पॉइंटपेक्षा जास्त सहन करतं हे खरं आहे, आणि म्हणूनच किट लावल्यावर गाडी 'एकदम सुधारली' असं अनेकजण सांगतात. पण बुश तसाच झिजत राहतो. पुढे रोटर कॅपच्या पितळेला घासायला लागतो, नाहीतर किटमधली चुंबकाची रिंग पॉइंटच्या जागी बसलेल्या सेन्सरला. म्हणून आधी लेथवाल्याकडून बुश बदलून घ्या. त्याच वेळी ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) वजनं आणि स्प्रिंग साफ करून घ्या. रोटर फिरण्याच्या दिशेने हाताने पिळून सोडला की तो झटकन जागेवर यायला हवा. अर्धवट येऊन थांबत असेल तर वजनं गंजाने अडकली आहेत. शिवाजी पार्कच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. किटचा या वजनांशी काही संबंध नाही. कॅप, रोटर, प्लगच्या वायरी, प्लग, वजनं हे सगळं जुनंच राहतं. जातात फक्त पॉइंट आणि कंडेन्सर.

मग किट लावायचंच कशाला? यावर माझं मत स्पष्ट आहे. शाफ्ट चांगला असेल आणि गाडी नियमित चालवायची असेल, तर आज लावावं. पॉइंटची पद्धत वाईट म्हणून नाही. १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकसाठी ती बसवली आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या तिच्यावर धावल्या. साध्या कॉइलचा रोध साधारण ३ ओहम, म्हणजे गाडीच्या बारा व्होल्टवर पॉइंटमधून सुमारे ४ ॲम्पिअर जातात. इंजिन ३००० आरपीएमवर असताना चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट सेकंदाला शंभर वेळा हा प्रवाह तोडतात. दर वेळी तिथे मोठी ठिणगी पडू नये, आणि कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळावं, हे काम कंडेन्सरचं. तो नरम पडला की सगळंच नरम पडतं.

अडचण आहे ती मिळणाऱ्या मालाची. टॅक्सीच्या दिवसांत ऑपेरा हाऊसच्या दुकानात पद्मिनीचा कंडेन्सर आला की आठवड्यात खपायचा, म्हणजे मिळायचा तो ताजा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आता जे मिळतं ते एकतर पातळ कामाचं, नाहीतर वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं. जुन्या सीलबंद डब्यावर फार भरवसा ठेवू नका. पॉइंट डब्यात टिकतात, कंडेन्सर नुसता पडूनही खराब होतो. हल्लीच्या नव्या पॉइंटचाही दर्जा घसरलाय. शाफ्टवरच्या कॅमला घासणारी फायबरची टाच हल्ली इतकी मऊ येते की बघता बघता झिजते, फट कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. टाचेजवळ कॅमला ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस लावलं तर आयुष्य वाढतं, पण हे कुणी करताना दिसत नाही.

किट बसवताना काय सांभाळायचं ते नीट वाचा, कारण किट जळतात ती इथेच. पहिली गोष्ट कॉइल. तिचा रोध मीटरवर मोजा. ३ ओहमच्या आसपास असेल तर बहुतेक किटांना चालते. दीड ओहमची असेल तर ती बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (कॉइलचा करंट कमी ठेवणाऱ्या रोधाबरोबर) वापरायची कॉइल आहे. तिथे रेझिस्टर काढून टाकायचा नाही, पण किटची लाल वायर मात्र रेझिस्टरच्या आधी, इग्निशन स्विचच्या बाजूला जोडायची, म्हणजे किटला पूर्ण व्होल्टेज मिळेल. लाल-काळी उलट जोडली तर मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक भाग) त्याच क्षणी जातं आणि दुकानदार बदलून देत नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. इग्निशन चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं किटच्या लाल वायरीला लावा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर फ्यूज बॉक्स, स्विच आणि जोड घासून साफ करा. चाळीस वर्षांच्या वायरिंगमध्ये एक-दीड व्होल्ट सहज हरवतो. पॉइंटना तो चालतो, इलेक्ट्रॉनिक्सला चालत नाही. सेल्फ मारताना बॅटरी फारच खाली गेली तर काही मॉड्यूल गप्प बसतात. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि चावी सोडताना मात्र एकदा धडकतं, हे त्याचं लक्षण. तुमच्या गाडीत अजून डायनॅमो असेल तर बॅटरी चांगली ठेवा. पावसाळी रात्री वायपर, दिवे आणि बंपर-टू-बंपर ट्रॅफिक असताना डायनॅमो आयडलला काहीच भरत नाही.

तिसरी गोष्ट, प्लगच्या वायरी. नुसत्या तांब्याच्या तारेच्या जुन्या वायरींमधून जो गोंगाट निघतो त्याने सेन्सर बिथरतो. कार्बनच्या वायरी घ्या, किंवा तांब्याच्याच ठेवायच्या असतील तर रेझिस्टर असलेल्या प्लग-कॅप लावा. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसायची सवय घरात कुणाला असेल तर ती मोडा. त्यात कॉइल तापते आणि काही किटही जातात.

प्रत्यक्ष काम तासाभराचं आहे. पॉइंटचा स्क्रू चिमुकला असतो. तो आत पडला तर डिस्ट्रिब्युटर उतरवावा लागतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्रीस लावा आणि खाली फडक्याचा बोळा ठेवा. चुंबकाची रिंग कॅमवर पूर्ण खाली बसू द्या. ती वर राहिली तर रोटर वर राहतो आणि कॅप लावताच फुटतो. वायरी फिरत्या भागाला लागणार नाहीत आणि बेसप्लेट फिरताना ताणल्या जाणार नाहीत एवढी ढील ठेवा. शेवटी टायमिंग नव्याने, स्ट्रोब लाइटवर (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्यावर). बल्ब लावून केलेलं जुनं टायमिंग धरून चालू नका. फायरिंग ऑर्डर तीच, १-३-४-२. आयडलवर टायमिंगची खूण जुळली की इंजिन ३००० पर्यंत न्या. खूण सरकून एका जागी स्थिर दिसली पाहिजे. थरथरत असेल तर बुशचं काम अर्धवट झालंय.

आईंची काळजी मला मनापासून पटते. त्यांना सांगा, यात गाडीला एकही भोक पाडायचं नाही, काहीही कापायचं नाही. कॅप लावली की गाडी बाबांनी घेतली तशीच दिसते. निघालेली पॉइंटची प्लेट आणि तपासून चांगला निघालेला एक कंडेन्सर पिशवीत घालून डिकीत ठेवा. देवरुखच्या रस्त्यावर हीच पिशवी कामाची. पॉइंट बिघडले तर थोडं घासून, फट नीट करून घरी येता येतं. मॉड्यूल गेलं तर ते रस्त्यात दुरुस्त होत नाही, त्याच्या जागी पिशवीतले पॉइंटच लावावे लागतात. निघण्याआधी घराखाली एकदा किट काढून पॉइंट लावून बघा, म्हणजे कशेडीच्या पावसात हात चाचपडणार नाहीत. आणि किट गणपतीच्या आदल्या दिवशी बसवू नका. निदान महिनाभर आधी बसवा, रोज फिरवा, सायनच्या ट्रॅफिकमध्ये मुद्दाम न्या.

प्रश्न : भांडुपला बनलेली लॅम्ब्रेटा आहे. पॉइंट सतत तेलकट होतात. सीडीआय (पॉइंटशिवाय चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) किट लावलं तर त्रास संपेल ना? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : पॉइंट तेलकट होतात कारण फ्लायव्हीलच्या बाजूचा ऑइल सील गळतोय. तो सील तिथून हवाही ओढतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. सीडीआयला तेलाचं वावडं नसल्याने तुम्हाला गळती दिसेनाशी होईल आणि एक दिवस पिस्टन तापून जाम होईल. आधी सील बदला. फ्लायव्हील हातोडीने ठोकून काढू देऊ नका. त्याचा पुलर मिळतो, तोच वापरायचा.

त्यानंतर सीडीआय लावायला माझी हरकत नाही. फक्त स्कूटरमध्ये हे काम मोटारीसारखं कॅपखालचं नाही. स्टेटर प्लेट आणि फ्लायव्हील दोन्ही जोडीने बदलतात. क्रँकच्या टोकाचा टेपर सगळ्या मॉडेलांत सारखा नसतो, म्हणून जुनं फ्लायव्हील बरोबर घेऊनच दुकानात जा. किट १२ व्होल्टचं असेल तर रेग्युलेटर, सगळे बल्ब आणि हॉर्न बदलायचा खर्चही धरा. टायमिंग स्ट्रोबवरच करा. टू-स्ट्रोकला ॲडव्हान्स थोडा जरी जास्त झाला तरी पिस्टनला भोक पडतं, आणि त्याआधी गाडी छान पळते, त्यामुळे शंकाही येत नाही.

प्रश्न : जुनी बुलेट ३५०, पॉइंटवाली. इलेक्ट्रॉनिक केल्यावर किक सोपी होईल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : थोडी होईल, कारण हळू किकलाही ठिणगी सारखीच मिळते. पण तुम्ही किक मारण्याआधी ॲमीटरचा काटा बघत असाल, तर ती सवय बदलावी लागेल. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो, आणि त्यावरून पिस्टन कुठे आहे ते कळतं. इंजिन थांबलं की करंट तोडणाऱ्या किटांत हा काटा काही सांगत नाही. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पायाच्या अंदाजाने पिस्टनची जागा शोधायला शिका, त्याला चार-आठ दिवस लागतील.

त्याआधी ऑटो-ॲडव्हान्स युनिट उघडून साफ करा. ते पुढे अडकून राहिलं असेल तर किक उलटी बसते आणि घोटा जायबंदी होतो. हा धोका किटने कमी होत नाही. आणि बुलेट फक्त रविवारी मरीन ड्राइव्हला जात असेल, पॉइंट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरवर टिकत असतील, तर तुम्ही काहीच करू नका. चांगले चालणारे पॉइंट मी कुणाला काढायला सांगत नाही.

प्रश्न : आजोबांची १९५३ ची मॉरिस मायनर आम्ही दुरुस्त करतोय. विंटेज नोंदणी करायची आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालेल का? (एक वाचिका, विलेपार्ले)

उत्तर : ताई, तुमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला आहे. बाजारातली बहुतेक किटं मायनस अर्थची असतात, ती लावताच जळतील. पॉझिटिव्ह अर्थसाठी बनवलेलं किटच मागा. दुकानदार 'सगळीकडे चालतं' म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मूळ कॉइल असेल तर तिच्यावर प्लस-मायनसऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं. एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडची बाजू, सीबी डिस्ट्रिब्युटरकडची. आणि मधेच कुणीतरी गाडी मायनस अर्थवर उलटवली आहे का, हे आधी बॅटरीच्या वायरी बघून खात्री करा. सत्तर वर्षांत गाडी किती हातांतून गेली असेल सांगता येत नाही.

नोंदणीचं म्हणाल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. कॅपखालचं किट हा मोठा फेरफार ठरत नाही असं मला वाटतं. तरी तपासणीच्या दिवशी गाडी पॉइंटवरच न्या. नोंदणी झाल्यावर विंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला वगैरेच रस्त्यावर येते. एवढ्या कमी वापराला चांगले पॉइंट सहज पुरतात. माझं ऐकाल तर किटचे पैसे डायनॅमो आणि वायरिंगवर घाला.

प्रश्न : किट लावल्यावर ॲव्हरेज किती वाढेल? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : पॉइंट आणि टायमिंग आधीच बरोबर असतील तर जाणवण्याइतकं नाही. पॉइंट खराब असतील तर वाढेल, पण तेवढं नवे पॉइंट नीट बसवूनही वाढेल. पुढे ते टिकून राहतं, हा किटचा फायदा. पेट्रोलचा वास येत असेल, प्लग काळे होत असतील, तर आधी कार्बोरेटरचा चोक पूर्ण उघडतो का ते पाहा.